लेणी, राजे आणि मग आपण

मराठवाड्यात माणसाच्या आधी दगडाचा फोटो निघाला. मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमणूक झाली. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. गिलने गावातल्या बारादरीत बिऱ्हाड केलं आणि वर्षानुवर्षं लेण्यांच्या अंधारात बसून कापडावर तैलरंगात चित्रं उतरवली. १८५०च्या दशकाच्या मध्यावर त्याच्या हाती कॅमेरा आला. जेम्स फर्ग्युसनसोबत त्याने केलेलं भारतातल्या कोरीव लेण्यांवरचं पुस्तक १८६४ मध्ये लंडनला निघालं. त्यात ७४ फोटो होते. दोनच वर्षांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि गिलच्या रंगीत नकलांपैकी तिथे मांडलेल्या जवळजवळ सगळ्या जळाल्या. जन्मभराची बहुतेक मेहनत गेली, फोटो मात्र उरले. या माणसाची आठवण मराठी मुलखात आजही आहे ती पारो या त्याच्या सोबतिणीमुळे. १८५६ मध्ये ती वारली, तिची कबर अजिंठ्याला आहे. गिल १८७९ मध्ये गेला, त्याला भुसावळला पुरलं आहे.

दगड हलत नाही. त्या काळच्या कॅमेऱ्याला हेच हवं होतं. माणसाला काही सेकंद पापणीही न हलवता बसवायचं तर त्याची समजूत घालावी लागते, खुर्ची लागते, मान धरून ठेवणारा लोखंडी चिमटा लागतो आणि मुख्य म्हणजे त्या माणसाला स्वतःचा फोटो हवासा वाटावा लागतो. लेण्यांपासून नांदेड-लातूरच्या साध्या माणसापर्यंत यायला कॅमेऱ्याला अर्धशतकाहून अधिक काळ लागला, आणि मधला मुक्काम हैदराबादच्या दरबारात पडला.

मुंबईत ही गाडी फार लवकर सुटली होती. तिथे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सुरुवातीच्या मंडळींत होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. म्हणजे मराठी माणूस या धंद्यात पहिल्या पिढीपासून आहे. पण मुंबई इंग्रजांची आणि नांदेड निजामाचं. राज्य वेगळं, चलन वेगळं, कचेरीची भाषा वेगळी. नांदेडच्या वकिलाचे, लातूरच्या आडत्याचे डोळे मुंबईकडे लागत नसत, ते हैदराबादकडे लागत. त्यामुळे मराठवाड्यातल्या फोटोवाल्याची कुळी शोधायची तर ती हैदराबादला आणि सिकंदराबादला शोधावी लागते. तिथे जो मूळपुरुष भेटतो त्याचं नाव लाला दीन दयाळ.

दीन दयाळ यांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधना गावचा. घर जैन जवाहिऱ्यांचं. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात ते इंजिनिअरिंग शिकले आणि १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करण्याच्या नोकरीला लागले. नेमकेपणा, मोजमाप, रेषेची शिस्त हे त्यांचं रोजचं काम होतं. फोटोग्राफी त्यांनी १८७४ मध्ये हाती घेतली, वयाच्या तिशीत. इंदूरचे तुकोजीराव होळकर आणि तिथले इंग्रज अधिकारी सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिलं. पुढच्याच हिवाळ्यात प्रिन्स ऑफ वेल्सचा दौरा आला आणि त्या दौऱ्याचे फोटो काढायची संधी या नवख्या माणसाला मिळाली.

ते काम किती जिकिरीचं होतं हे आज मोबाइल हातात असताना ध्यानात येणं कठीण. तेव्हाची पद्धत ओल्या काचेची. स्वच्छ पुसलेल्या काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण सारखं पसरून ओतायचं, ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत अंधारात धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. त्यामुळे फोटोवाला कुठेही गेला तरी अंधाराचा तंबू, काचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या आणि पाण्याच्या घागरी बैलगाडीतून त्याच्याबरोबर जात. छापायचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाने लेपलेला असे आणि छपाई उन्हात व्हायची. इंग्रज डॉक्टर रिचर्ड मॅडॉक्सने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची युक्ती जाहीर केली आणि त्या दशकाच्या शेवटी तयार काचा बाजारात यायला लागल्या, तेव्हा कुठे फोटोवाला तंबूतून सुटला. दीन दयाळ यांची कारकीर्द नेमकी या बदलाच्या काळातली. त्यांच्या यशाचं अर्धं श्रेय या कोरड्या काचेला द्यायला हवं.

मध्य भारतातले इंग्रज अधिकारी सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर १८८२ मध्ये त्यांनी बुंदेलखंडाचा दौरा केला. ग्वाल्हेर, खजुराहो, ओरछा या भागांतले त्यांचे फोटो १८८६ मध्ये मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंवरच्या मोठ्या पुस्तकात छापले गेले. इथेही आधी दगडच होता. तोवर त्यांनी सरकारी नोकरी सोडायचं ठरवलं होतं. पेन्शनची नोकरी सोडून फोटोवर पोट भरायचं, हा निर्णय त्या काळात कोणत्याही घरात सहज मान्य झाला नसता. सिकंदराबादला १८८६ मध्ये त्यांनी स्टुडिओ उघडला आणि सहावा निजाम महबूब अली खान याच्या दरबारचे ते फोटोग्राफर झाले. महबूब अली तेव्हा विशीत होता. त्याला शिकारीचा नाद होता आणि फोटोंचा तर फारच. दरबार, लवाजमा, शिकारीचे तळ, परदेशी पाहुणे, राजवाड्यांची दालनं, सैन्याची कवायत, सगळं दीन दयाळ यांच्या काचेवर उतरू लागलं. १८९४ मध्ये निजामाने त्यांना राजा हा किताब दिला. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईत स्टुडिओ काढला आणि पुढच्या वर्षी त्यांना राणी व्हिक्टोरियाच्या फोटोग्राफरची सनद मिळाली.

किताब आणि सनदा यांपेक्षा आपल्या विषयाला जास्त लागू पडते ती १८९२ ची गोष्ट. त्या वर्षी दीन दयाळ यांनी हैदराबादेत जनाना स्टुडिओ उघडला. आवाराला उंच भिंती होत्या आणि आत पुरुषाला मज्जाव होता. केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाई तो चालवत, काम करणाऱ्याही बायकाच. पडद्यात राहणाऱ्या घरांतल्या स्त्रियांनी मेण्यातून यावं, बुरखा काढून कॅमेऱ्यासमोर बसावं आणि आपला फोटो कोणत्याही परक्या पुरुषाच्या नजरेस न पडता घरी न्यावा, अशी ही सोय होती. यात व्यापारी चतुराई होतीच. पण दीन दयाळ यांना एक मोठी गोष्ट उमगली होती, ती ही की फोटो न काढण्याचं कारण नेहमी पैसा किंवा भीती नसतं. समोर कोण उभं आहे, काच कोण धुणार आणि तो चेहरा किती जणांच्या हातून जाणार, हा प्रश्न असतो. हाच प्रश्न पुढे मराठवाड्याच्या गावागावांत फोटोवाल्याला सोडवावा लागला आणि तिथे केनी-लेव्हिक बाई नव्हत्या. तिथे फोटोवाल्याचं चारित्र्य हीच उंच भिंत. ज्याच्याकडे लेकीसुनांना पाठवता येतं तोच स्टुडिओ चालायचा.

निजाम राज्यातल्या १८९९-१९०० च्या दुष्काळात मदतकामांचे फोटोही दीन दयाळ यांच्याच कंपनीने काढले. दगड फोडणारी, धान्यासाठी रांगेत बसलेली माणसं त्यांत आहेत. राज्यकारभाराची नोंद ठेवायची म्हणून ते काढले गेले. त्या माणसांनी फोटो मागितला नव्हता, त्यांना तो मिळालाही नाही. तरी दरबारी कॅमेऱ्यासमोर या राज्यातला गरीब माणूस आला तो असा. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन निजाम राज्यात शिकारीला आला, त्याचा आणि त्याच्या पत्नीचा मारलेल्या वाघाबरोबरचा दीन दयाळ यांनी काढलेला फोटो जगभर छापला जातो. १९०४ मध्ये त्यांचा मुलगा धरमचंद गेला आणि १९०५ च्या जुलैमध्ये ते स्वतः गेले. दुसरा मुलगा ज्ञानचंद याने धंदा पुढे चालवला.

दीन दयाळ वारले तोवर मराठवाड्याचं दार उघडलं होतं. ते उघडलं आगगाडीने. हैदराबाद ते मनमाड ही गोदावरी खोऱ्यातली मीटर गेज लाइन १९००च्या सुमारास पुरी झाली आणि नांदेड तिच्यावर आलं. एका टोकाला हैदराबाद, दुसऱ्या टोकाला मनमाड आणि तिथून मुंबई. शिखांचं तख्त सचखंड श्री हुजूर साहिब नांदेडला असल्यामुळे पंजाबपासूनचे यात्रेकरू आधीही येत, आता ते गाडीने येऊ लागले. लातूरला रेल्वे १९११ मध्ये पोहोचली, बार्शी लाइट रेल्वेची, अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. लातूर तेव्हा जिल्ह्याचं गाव नव्हतं, उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं व्यापारी ठिकाण होतं. स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडलं. पण गंजगोलाई १९१७ मध्ये उभी राहिली, सोळा रस्ते तिला येऊन मिळाले आणि तूर, करडई, कापसाच्या पैशाबरोबर शहरात नव्या हौशी आल्या. नांदेडला उस्मानशाही मिल आली, पगारदार माणूस आला. फोटो हा पगारदाराचा आणि व्यापाऱ्याचा सोस आहे. पेरणीवर जगणाऱ्याला तो फार उशिरा परवडला.

गावात स्टुडिओ टाकायचा म्हणजे काय लागायचं? आधी उजेड. वीज यायच्या आधी स्टुडिओ सूर्यावर चालायचा, म्हणून उत्तरेकडच्या बाजूला किंवा छताला काच बसवायची, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर साधारण एकसारखा राहतो आणि चेहऱ्यावर कडक सावल्या पडत नाहीत. काचेखाली पांढरे पडदे, दोरीने मागेपुढे सरकवायचे. ऊन कमी-जास्त करायची हीच कळ. पाठीमागे रंगवलेला पडदा, त्यावर महिरप, खांब, जिना, लांबवर तळं. पुढे एक नक्षीची तिवई, तिच्यावर फुलदाणी किंवा जाड पुस्तक. ज्याने आयुष्यात पुस्तक वाचलं नाही त्याचाही हात फोटोत पुस्तकावर असायचा. हा सगळा सरंजाम मुळात इंग्लंडातल्या स्टुडिओंचा. हैदराबादच्या अमीर-उमरावांनी तो आपलासा केला आणि जिल्ह्याच्या गावात तो हैदराबादी होऊनच आला असं जुने फोटो पाहताना वाटत राहतं. पुण्याच्या जुन्या फोटोत पगडी आणि उपरणं दिसतं. नांदेडच्या त्याच काळच्या मराठी वकिलाच्या अंगात शेरवानी असते. कचेरीची भाषा उर्दू होती, तिचा पोशाखही फोटोत आला.

मग माल. काचा, कागद, हायपो, डेव्हलपरची औषधं, सगळं विलायती आणि मुंबईहून यायचं. निजाम राज्याचं नाणं हाली आणि इंग्रजी मुलखातलं कलदार. हालीची किंमत कलदारापेक्षा कमी. गिऱ्हाईक पैसे देणार हालीत, मुंबईचा व्यापारी मागणार कलदार, आणि हद्दीवर करोडगिरीचं नाकं पाच टक्के जकात घेणार. काच वाटेत फुटली तर नुकसान फोटोवाल्याचं. म्हणून छोट्या गावातला फोटोवाला एका माणसासाठी दुसरी काच सहसा खर्च करायचा नाही. जुन्या फोटोंतल्या माणसांचे ताठ, गंभीर चेहरे पाहून लोक म्हणतात की तेव्हाची माणसं हसतच नसत. ती हसत होती, पण हसू टिकवून धरता येत नाही आणि काच एकच होती.

मराठवाड्याचा उन्हाळा ही तिसरी अडचण. जिलेटिनचा थर पाण्यात फुगतो आणि पाणी ऊन असेल तर काचेवरून सुटून येतो. डेव्हलपरचं पाणी वीस अंशांच्या आसपास असावं असं औषधाच्या डब्यावर छापलेलं, आणि नांदेडला मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर. उष्ण मुलखातल्या फोटोवाल्यांचा यावर उपाय म्हणजे तुरटी. तुरटीच्या पाण्याने जिलेटिन घट्ट होतं. जोडीला माठातलं गार पाणी आणि रात्रीची वेळ. दिवसा फोटो काढायचे आणि रात्री गाव झोपल्यावर लाल काचेच्या कंदिलाखाली काचा धुवायच्या, असा हा धंदा होता.

त्यानंतरचं काम रिटचिंगचं, आणि गावात नाव व्हायचं ते त्याच्यावर. काचेच्या जिलेटिनच्या बाजूवर टोकदार पेन्सिलीने बारीक बारीक ठिपके द्यायचे, की छापताना देवीचे व्रण, डोळ्यांखालच्या रेषा पुसट होतात. धारदार सुरीने खरवडलं की तेवढी जागा काळी होते. एखाद्या घरचा कर्ता माणूस फोटो न काढताच गेला असेल तर लग्नाच्या घोळक्यातला त्याचा मटाराएवढा चेहरा शोधायचा, तो मोठा करायचा, त्याला कोट किंवा फेटा रंगवायचा आणि चौकटीत बसवून द्यायचा. आज शेकडो घरांत भिंतीवर ज्या आजोबा-पणजोबांना हार घातलेला आहे, त्यांतले कितीतरी जण असे मेल्यानंतर कोट ल्यायले आहेत. त्यात फसवणूक नव्हती. मागे राहिलेल्यांना डोळ्यांपुढे एक चेहरा हवा होता आणि फोटोवाल्याच्या बोटांत ती विद्या होती.

या धंद्याची जोखीम किती होती हे एका मोठ्या मराठी माणसाच्या उमेदवारीच्या काळात दिसतं. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे.मध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात शिकले. १८९० मध्ये त्यांनी कॅमेरा घेतला. कलाभवनाचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांना स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली. पुढे धंदा म्हणून फोटोग्राफी करायची ठरवून ते १८९५ मध्ये गुजरातेत गोध्र्याला गेले. मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या स्टुडिओंशी स्पर्धा करण्यापेक्षा छोट्या गावातल्या चांगल्या घरांचे फोटो काढावेत, हा हिशेब व्यवहाराला धरून होता. प्लेगने तो उधळला. १९०० मध्ये त्या साथीत फाळक्यांची पत्नी आणि मूल गेलं. ते बडोद्याला परतले, पुन्हा स्टुडिओ मांडला, तर गावात बोलवा उठली की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो. गिऱ्हाईक येईना. फाळके १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात नोकरीला लागले. पुन्हा दगडांकडे. पुढे १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ सिनेमा झाला नसता तर गोध्र्याचा हा फोटोवाला आज कोणाच्या लेखी असता? आणि ज्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला नाही, नुसता स्टुडिओच चालवला, त्यांचं काम कमी मोलाचं ठरतं का?

फोटोने आयुष्य कमी होतं ही समजूत मराठवाड्यातही होती आणि जुन्या बायका ती परवापरवापर्यंत सांगत. लहान मुलाचा फोटो काढला तर दृष्ट लागते म्हणून तीट लावूनच त्याला कॅमेऱ्यापुढे बसवायचं. ही भीती शेवटी मोडली ती गरजेने. सासर दूरच्या गावचं असेल तर मुलीचा फोटो मागितला जाऊ लागला. शहरात शिकायला गेलेला मुलगा पहिल्या महिन्यात घरी फोटो पाठवू लागला. वारीहून, तीर्थाहून आलेल्या म्हाताऱ्यांना जाण्याआधी एक फोटो हवासा वाटू लागला. नवरा खुर्चीवर, बायको शेजारी उभी, तिचा हात खुर्चीच्या पाठीवर, ही बैठक वर्षानुवर्षं चालली. दोघंही शेजारी बसलेली दिसायला लागली तो दिवस नोंदवून ठेवावा इतका मोठा बदल आहे, आणि तो फक्त या स्टुडिओंच्या काचांवरच नोंदला गेलाय.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि फोटोवाल्याचं गिऱ्हाईक बदललं. हाली गेलं, करोडगिरीचं नाकं गेलं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातून इकडे आले. शाळा वाढल्या, १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, आणि कॉलेज म्हटलं की ग्रुप फोटो आला. परीक्षेच्या फॉर्मला, नोकरीच्या अर्जाला, बँकेला पासपोर्ट साइज फोटो लागू लागला. केंद्र सरकारने १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केलं. ज्यांनी रझाकारांच्या काळात जंगलातल्या कॅम्पांवर दिवस काढले होते आणि फोटोसाठी कधी वेळ दिला नव्हता, ते म्हातारपणी अर्जाला फोटो हवा म्हणून स्टुडिओच्या स्टुलावर येऊन बसले. हैदराबादच्या मुक्तिलढ्यातल्या कितीतरी साध्या शिपायांचा एकुलता एक चेहरा आपल्याकडे आहे तो असा, पांढऱ्या केसांचा आणि सव्वा इंच रुंदीचा.

काचेची जागा फिल्मने घेतली. उटीच्या सरकारी कारखान्यातली ‘इंदू’ आणि १२० च्या रोलवर बारा फोटो देणारा आगफा क्लिक थ्री यांनी फोटो स्टुडिओच्या बाहेर नेला. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, जिथे घोडे आणि गाढवं विकायला देशभरातून व्यापारी येतात, तिथे स्टुडिओच कापडी पाल होऊन यायचा. ज्याने गावात कधी फोटो काढला नाही तो यात्रेत काढायचा, रंगवलेल्या मोटारीत किंवा विमानात बसून. याच काळात दलित वस्त्यांतल्या अनेक घरांत स्वतःच्या माणसाच्या आधी बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लागला. घरातल्या कोणाचाही चेहरा कागदावर नव्हता तेव्हा बाबासाहेबांचा होता. फोटोच्या इतिहासात या चौकटीला स्वतंत्र प्रकरण द्यायला हवं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. ज्या भिंती पडल्या त्यांच्यावरच घरातले फोटो टांगलेले होते. त्या घरांतून वाचलेल्या माणसासाठी आईबापाचा चेहरा पुन्हा पाहायचा तर दोनच जागा उरल्या होत्या, एखाद्या पाहुण्याचा अल्बम किंवा तालुक्याच्या फोटोवाल्याकडची निगेटिव्ह. पाच-पाच, दहा-दहा वर्षांच्या निगेटिव्ह कागदी पाकिटांत, तारीख आणि नाव घालून ठेवायची शिस्त पाळणारे फोटोवाले होते. ती शिस्त म्हणजे काय हे एरवी कोणाच्या लक्षात येत नाही.

नंतर रंगीत लॅब आल्या, मग डिजिटल आलं. डार्करूमची नळकोंडी उखडून तिथे संगणक ठेवले गेले. काचेच्या जुन्या प्लेट गरम पाण्याने धुऊन फोटोच्या चौकटींना लावल्या गेल्या, कारण काच काचेच्या भावाने जाते आणि तिच्यावरचा माणूस कोणाच्या हिशेबात नसतो. फिल्म आणि हायपोचं पाणी त्यातली चांदी काढणाऱ्यांना विकलं गेलं. ही एका प्रदेशाच्या कागदपत्रांची नासाडी आहे, असं स्पष्ट म्हणायला हवं. मराठवाड्याचा लिखित इतिहास बराचसा फारसी, उर्दू आणि इंग्रजी दफ्तरांत आहे, तिथे सामान्य माणूस खातेदार किंवा आरोपी म्हणून येतो. नाव, गाव, अंगावरचे कपडे, हातातली वस्तू आणि डोळ्यांतला भाव यांसह तो सापडतो फक्त या स्टुडिओंत.

जतन करता येत नाही असं नाही. दीन दयाळ यांच्या स्टुडिओच्या २,८५७ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये मिळवल्या, म्हणून आज त्या अभ्यासता येतात. राजांचा फोटोवाला वाचला. आता आपला फोटोवाला वाचवायची पाळी आहे. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूरला जुनी महाविद्यालयं आहेत, दोन्हीकडे इतिहासाचे विभाग आहेत. गावोगावच्या जुन्या स्टुडिओंत विद्यार्थी पाठवून काचा, निगेटिव्ह, पावतीबुकं आणि गिऱ्हाइकांच्या वह्या नोंदवून घेणं हे काही कोट्यवधींचं काम नाही. म्हातारे फोटोग्राफर आज आहेत, त्यांना पडदा कोणी रंगवला, काचा कुठून आल्या, रिटचिंग कोणाकडे शिकलो हे सगळं सांगता येतं. हे काम याच पिढीला करता येईल.

आणि घरचं काम ज्याचं त्याने करावं. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जुनी काच सापडली तर पाण्याने धुऊ नका, फडक्याने पुसू नका, कागदात गुंडाळून उभी ठेवा. घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाजवळ बसून प्रत्येक फोटोतलं माणूस कोण ते विचारा, आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल आणि माहीत असेल तर फोटोवाल्याचं नाव लिहा.